सारवलेलं मैदान

"बाई, आजचं शेण कोणाले देऊन टाकलं का?"

आंबागडातल्या एका अनोळखी दारात उभी राहून सखाबाईनं हे असं विचारलं, जणू चहाला साखर कमी पडली म्हणून वाटी घेऊन आली आहे. दारातल्या बाईनं आधी सखाबाईकडे पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या सुनेकडे. सून म्हणजे ममता. अंगात कराटेचे पांढरेशुभ्र कपडे, कमरेला तपकिरी पट्टा आणि हातात रिकामं घमेलं.

"कायले पायजे शेण?"

"कराट्याले."

"कायले?"

"कराटे वं बाई. हातपाय फेकतेत, बोंबलतेत, ते. तुमच्या किल्ल्याखाली शिबिर हाय ना. त्याले भल्ला शेण लागते. जपानात तं म्हणे हत्तीचं लावतेत."

"आई!" ममता मागून पुटपुटली.

"मंग? जपानात म्हशी कुठी हायेत?"

बाई खळखळून हसली आणि तिनं गोठ्याकडे बोट दाखवलं. सखाबाईची थाप अशीच असायची. खोटी आहे हे ऐकणाऱ्याला कळायचं, तरी पुढचं ऐकावंसं वाटायचं आणि तेवढ्यात तिचं काम होऊन जायचं. दुपार व्हायच्या आत आंबागडातल्या निम्म्या गोठ्यांतलं शेण किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन पडलं. एका म्हाताऱ्यानं तर बैलगाडीनं आणून टाकलं आणि विचारलं, "हत्ती कधी येऊन राहिला?"

शिबिर तेंदूपानाच्या एका जुन्या गोदामात होतं. गोदाम किती हंगाम बंद होतं देव जाणे. पोरापोरींनी आत सतरंज्या टाकल्या तशी छतावरच्या वटवाघळांनी वरून सलामी दिली, कोणाच्या उशीवर, कोणाच्या चिवड्यात. आत एक कुबट वास, शिळ्या पानांचा आणि मेलेल्या उंदराचा. उंदीर कुठं मेला आहे ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ममतानं सगळ्या पोरींच्या नाकाला रुमाल बांधायला लावले.

वासाचं एक वेळ चालेल, पण मैदानाचं काय? सगळा मुरूम. कराटे अनवाणी पायानं करायचे आणि खडे असे की चालतानाच माणूस नाचायला लागेल. सकाळच्या पहिल्याच फेरीत तिच्या वर्गातल्या लहानग्या गुड्डीची टाच फाटली. तेव्हा ममता मंगेश सरांकडे गेली होती. मंगेश सर तुमसरचे, काळ्या पट्ट्याचे, शिबिराची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे.

"सर, आमच्या पोरी मैदान सारवून घेतील, चालेल का?"

"सारवून?" मंगेशनं नाक मुरडलं. "शेणानं? छी! ममताबाई, संघटनेचे मोठे गुरू भैयाजी येऊन राहिले इथं. कोणाचं लग्न नाही आहे."

"पोरांचे पाय फाटून राहिले, सर."

"सवय होते." मग घमेल्यांकडे, चढत्या उन्हाकडे पाहून तो म्हणाला, "करा काय करायचं ते. पण वास नाही आला पाहिजे."

गोदामातला उंदीर त्याला चालत होता.

मुरमावर पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून तो बसवला, वर माती आणि मग शेणाचा हात. ममताच्या गावच्या, एकोडीच्या पोरींना हे सांगावं लागलं नाही. त्या ओळीनं उकिडव्या बसल्या आणि मागं सरकत सरकत सारवत गेल्या. पंधरा वर्षांची डिंपल सगळ्यांच्या पुढं. ती ममताची सगळ्यात तयार पोरगी. बाकीच्या गावांची पोरं आधी लांबून हसली. मग त्यातलीही काही हात माखून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान वाळून असं गुळगुळीत झालं होतं की त्यावर ताट न घेता जेवावं.

एकोडीच्या पोरींना हे येत होतं कारण त्यांचं कराटे शिकायचं ठिकाणच सखाबाईचं खळं होतं. धानाची मळणी झाली की खळं वर्षभर मोकळं. लिलाधर गुरुजी शाळेत बदलून आले, त्यांना कराटेचं वेड, आणि शाळेचं आवार सगळं गोट्यांचं. त्यांनी खळं मागितलं. सखाबाई म्हणाली, "घ्या. पण खळ्यात चप्पल नाही, थुंकणं नाही, अन् आत येताना वाकून यायचं. लक्ष्मीची जागा हाय."

पहिल्या दिवशी गुरुजी पोरांना सांगायला उभे राहिले की, कराटेच्या जागेत शिरताना कमरेत वाकून नमस्कार करायचा असतो. बघतात तर पोरं खळ्याच्या कडेला चपला काढून, वाकून, आधीच आत आलेली.

"हे तुमाले कोणी शिकवलं रे?"

"खळं आहे ना गुरुजी," पोरं म्हणाली. यात काय विचारायचं, असा त्यांचा चेहरा.

ममता तेव्हा त्या घरात नवी सून होती. खळ्याच्या कडेला बसून ती सुपानं धान पाखडायची आणि डोळे मात्र पोरांच्या हातापायांवर. एक दिवस सखाबाईनं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"जा."

"कुठी?"

"तिकडे. नजर तं तिकडेच हाय. माह्या धानात खडे राहून राहिले."

गावात बोंब झाली. लोक विचारायला आले तेव्हा सखाबाईनं सांगितलं की, डॉक्टरनंच लिहून दिलं आहे, सुनेच्या पोटात वारा धरतो आणि लाथा मारल्या की सुटतो. ममताचा नवरा जीवन, राइस मिलमध्ये कामाला, गरीब स्वभावाचा. त्याला मित्रांनी छेडलं. तो म्हणाला, "अरे बापा, मी तं आता घरी वेळेवर जातो."

गुरुजींनी ममताला पांढऱ्या पट्ट्यापासून तपकिरीपर्यंत आणलं. एक गोष्ट ते सतत घोकून घ्यायचे. काता, म्हणजे एकट्यानं करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम, जिथून सुरू होतो तिथंच संपला पाहिजे. पुढं जा, वळ, मागं ये, उडी मार, पण शेवटचं पाऊल पहिल्या पावलाच्या जागी. ती जागा दाखवायला त्यांनी आधी धानाची लोंबी ठेवली. सखाबाईनं ती उचलली. "धानाले पाय लावतेत का, गुरुजी?" तेव्हापासून तिथं चुलीतल्या राखेची चिमूट. एकोडीच्या प्रत्येक पोरीचा काता राखेच्या ठिपक्यावरून सुरू होतो आणि राखेच्या ठिपक्यावर संपतो.

करोनात गुरुजी गेले. वर्ग ममताच्या अंगावर आला. तिनं तो मोडू दिला नाही, उलट पोरी वाढल्या. आणि आता कराटे संघटनेचा नियम आला होता. ज्याच्याकडे काळा पट्टा नाही त्याला वर्ग चालवता येणार नाही, त्याच्या पोरींचे पट्टेही धरले जाणार नाहीत. काळा पट्टा फक्त भैयाजींच्या हातून आणि या शिबिरात.

"नाही मिळाला तरी काळजी नको," मंगेशनं शिबिराच्या आधीच ममताला सांगून ठेवलं होतं. "एकोडीचा वर्ग मी घेईन. तुमचं खळं चांगलं आहे. फक्त ते उकरून फरशी टाकू."

ममताला ते खळं उकरलेलं डोळ्यांसमोर दिसलं होतं. म्हणून ती आली होती.

भैयाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरले. संघटनेत त्यांना 'हान्शी' म्हणत, म्हणजे गुरूंचे गुरू. पण तोंडावर सगळे भैयाजी. आधी पोट उतरलं, मग ते. कमरेचा पट्टा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि तो पोटावर बांधता येत नाही म्हणून पोटाखाली बांधलेला, जसं भोपळ्याला खालून झोळी करावी. डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घासून केलेला तो ओला गोळा एवढा मोठा की गाल वेगळा आणि भैयाजी वेगळे वाटावेत. त्यांच्यामागं मंगेश, आणि मंगेशच्या हातात हिरवा प्लॅस्टिकचा मग. सखाबाईला वाटलं, भैयाजींना तोंड धुवायचं असेल. थोड्या वेळानं तिला कळलं की तो मग कशासाठी आहे, आणि ती जी वळली ती चुलीपाशी जाऊन बसली.

पोरं ओळीनं पाया पडली. भैयाजींनी बूट काढले नाहीत. बुटासकट ते मैदानावर आले, चौफेर पाहिलं, आणि नाक वर केलं.

"ये क्या है? गोबर?"

"सारवलं आहे, भैयाजी," ममता म्हणाली. "पोरांच्या पायाले खडे लागत होते."

"अच्छा है, अच्छा है. देसी टच." आणि मान वळवून त्यांनी मैदानाच्या कडेला पिचकारी मारली. हिरवा मग तिथंच होता, मंगेशच्या हातात. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

पच्च असा आवाज झाला. तांबडी, फेसाळ, मधे सुपारीचे तुकडे. नव्या सारवणावर ती पसरली आणि हळूहळू आत जिरायला लागली. गुड्डी ममताच्या शेजारी होती. तिनं ममताचा हात घट्ट धरला.

भैयाजी गेल्यावर ममतानं पळसाची पानं घेतली आणि ते पुसून काढलं. तंबाखू, चुना आणि आदल्या दिवशीच्या जेवणाचा शिळा वास एकदम नाकात गेला. पानांतून एक सुपारी तिच्या बोटाला लागली. बोरिंगवर जाऊन तिनं हात धुतले. राख लावून धुतले, माती लावून धुतले. काल दिवसभर तिचे हात कोपरापर्यंत शेणात होते आणि त्याच हातांनी तिनं संध्याकाळी पोरींना भात वाढला होता. तिला काही वाटलं नव्हतं. आज मात्र तिला जेवण गेलं नाही.

"खाऊन घे," सखाबाई म्हणाली. ती शिबिरात सैपाकाला आली होती.

"इच्छा नाही, आई."

"मले माहीत हाय कायची. मी भाजीत मीठ टाकून राहिली होती तं मंगेश तो मग घेऊन इथूनच गेला. हिंदकळला. माह्या अर्ध्या शिजल्या वरणाले मी डोळे झाकून झाकण ठेवलं."

दुपारी भैयाजींनी सगळ्यांना उन्हात घोड्यावर बसल्यासारखं उभं केलं. गुडघे वाकवून, पाठ ताठ, हलायचं नाही. पोरांच्या मांड्या थरथरायला लागल्या. समोर खुर्ची टाकून भैयाजी तळहातावर पन्नी घासत होते. फसक, फसक, फसक. त्या आवाजाच्या तालावर पोरं घामानं भिजत होती. घासता घासता भैयाजी गोष्ट सांगत होते.

"नागझिऱ्यात एकदा मी एकटा. समोर वाघ. ढाण्या. बंदूक नाही, काठी नाही. मी घोड्यासारखा असाच उभा राहिलो, आणि पोटातून आरोळी दिली. हाऽऽ! वाघ वळला आणि सरळ निघून गेला. कशानं?"

"आरोळीनं, भैयाजी!" मंगेश म्हणाला.

"शक्तीनं."

गोदामाच्या दारात कांदे चिरत बसलेल्या सखाबाईनं मान वर न करता म्हटलं, "आरोळी द्यायले तोंड उघडलं असंल ना. वास गेला असंल त्या बिचाऱ्याले."

पोरांच्या रांगेतून एक फसफस बाहेर पडली. डिंपलचा तर तोलच गेला. भैयाजींनी ऐकलं नाही, पण मंगेशनं ऐकलं.

संध्याकाळी तो ममतापाशी आला. त्याच्याही गालात बारीक गोळा होता. भैयाजींसमोर तो दाबून ठेवायचा.

"तुमच्या सासूला सांभाळा. उद्या तुमची परीक्षा आहे."

"सर, एक सांगू का? भैयाजीले म्हणा ना, मैदानात थुंकू नोका. तो मग आहे ना तुमच्या हातात."

मंगेश तिच्याकडे असं पाहत राहिला की जणू तिनं सूर्याला पश्चिमेकडून उगवायला सांगितलं.

"मी सांगू? भैयाजींना?" मग आवाज खाली करून म्हणाला, "अवं बाई, थुंकीच आहे. वाळते. तुमी तं शेणात हात घालता अन् थुंकीची किळस?"

"शेण आम्ही आणून टाकलं सर. मागून आणलं."

त्याला यातलं काही कळलं नाही. खरं तर त्या घडीला ममतालाही नीट सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी परीक्षा. सकाळी धुकं विरायच्या आत पोरींनी मैदानावर पुन्हा हलका हात फिरवला होता. उरलेल्या शेणाचं घमेलं ओलं पोतं टाकून कडेला ठेवलं. ममतानं मैदानाच्या मधोमध राखेची चिमूट टाकली. तो ठिपका.

भैयाजींची खुर्ची आली. ती कडेला ठेवावी असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "जवळ घ्या, चष्मा विसरला." खुर्ची मैदानाच्या आत आली. तिचे पाय सारवणात रुतले. भैयाजी बसले. समोर राखेचा ठिपका, हाकेच्या नाही, हाताच्या अंतरावर.

लहानांचे पट्टे आधी झाले. गुड्डीनं काता केला, शेवटच्या पावलाला ठिपक्यावर आली आणि एवढ्या जोरात ओरडली की किल्ल्यावरची माकडं खाली बघायला लागली. डिंपलचं तर विचारूच नका. तिच्या हाताचा वारा लागून भैयाजींच्या कपाळावरचे केस उडाले, असं सखाबाई अजून सांगते. केस दोन-चारच होते, पण उडाले. डिंपलला तपकिरी पट्टा मिळाला. भैयाजींनी तो तिच्या कमरेला बांधला तेव्हा त्यांची तांबडी बोटं पट्ट्यावर उमटली. डिंपलनं वाकून नमस्कार केला, बाजूला गेली, आणि गुपचूप बोटांच्या त्या खुणा खरवडत राहिली.

"ममता. एकोडी. काळ्या पट्ट्यासाठी," मंगेशनं पुकारलं. मग भैयाजींना म्हणाला, "मी याचा व्हिडिओ घेतो, भैयाजी. संघटनेच्या पानावर टाकू." त्यानं हिरवा मग खाली ठेवला, गोदामाच्या भिंतीपाशी, आणि फोन काढला.

ममता राखेच्या ठिपक्यावर उभी राहिली.

"कोणता काता?"

"बस्साई-दाई."

चुलीपाशी बसलेल्या बायांपैकी एकीनं सखाबाईला विचारलं, "दाई? बाळंतपण आहे का?" सखाबाई म्हणाली, "चूप वं. आज तसंच समज."

ममता सुरू झाली.

तिचा काता बघणाऱ्याला दिसायचं ते हात-पाय नव्हे. सूप दिसायचं. पाखडताना जसा मनगटाला एक हलका झटका असतो आणि मग एकदम थांबणं, तसं. सगळं वेगानं आणि मग काहीच नाही. बाकी गावांची पोरं कुजबुजायची थांबली. ती पुढं गेली, वळली, मागं फिरली, हात खाली आला, गुडघा वर गेला. सारवणावर तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता, कपड्यांचाच फट् फट् येत होता. ती पाठमोरी होती तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला.

पच्च.

ममता तीच हालचाल पुरी करून वळली. राखेच्या ठिपक्यावर, नेमक्या ठिपक्यावर, तांबडं डबकं होतं. राखेचा करडा काठ त्याच्याभोवती फुगून आला होता. भैयाजी तोंड पुसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, खोडी नाही. नुसतं एक काम उरकल्यासारखं.

काता थांबवता येत नाही. ममतानं तो चालवला. आडवा हात, वरचा हात, दुहेरी ठोसा. आणि प्रत्येक पावलागणिक ती त्या डबक्याच्या जवळ येत होती. तिला लिलाधर गुरुजींचा आवाज ऐकू येत नव्हता, काही नाही. फक्त तंबाखूचा तो वास येत होता. शेवटची आरोळी तिनं दिली तेव्हा किल्ल्याची माकडं पळाली.

मग शेवटचं पाऊल राहिलं. पाय मागं ओढून ठिपक्यावर आणायचा आणि उभं राहायचं. ममतानं पाय ओढला आणि ठिपक्याच्या अलीकडेच ठेवला.

सगळे बघत होते.

"जागेवर ये," भैयाजी म्हणाले.

ममता हलली नाही.

"काता अर्धा आहे. शेवटचं पाऊल. जागेवर."

"जागा खराब झाली, भैयाजी."

"काय?"

"तुम्ही थुंकले जागेवर."

भैयाजींनी खाली वाकून पाहिलं, जणू पहिल्यांदाच दिसतंय. मग ते हसले. खरोखर हसले, दात तांबडे.

"अरे! राख टाकली होती ना तिथं. मला वाटलं थुंकायलाच ठेवली. घरात आजोबांच्या पाटीत राख असायची, त्यात थुंकायचे." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांनी हसावं म्हणून. मंगेश हसला. "चल, काही नाही होत. पाय ठेव. पट्टा तुझाच आहे. एक पाऊल."

काळा पट्टा त्यांच्या मांडीवर होता, नवा, पन्नीत बांधलेला. ममताला पट्टा दिसत होता. खळं दिसत होतं, उकरलेलं, फरशी टाकलेलं आणि कोपऱ्यात मंगेश. डिंपल दिसत होती, कमरेला खरवडलेला पट्टा. एवढ्या सगळ्यासाठी एक पाऊल.

"नाही, भैयाजी."

"काहून?" मंगेश मधेच ओरडला. "ममताबाई, वेड लागलं का तुम्हाला? पाय धुता येतो ना मंग!"

"पाय धुता येतो," ममता म्हणाली.

भैयाजींचं हसणं हळूहळू गेलं. खुर्चीत ते जरा मागं झाले.

"कात्याचा नियम आहे. जागेवर परत आलं नाही तर नापास." आणि पट्टा त्यांनी मंगेशकडे दिला. "पुढचं कोण?"

पुढचं कोणी नव्हतं. ममता शेवटची होती.

नापास झालेल्यानं परीक्षकाला वाकून नमस्कार करून बाहेर जायचं असतं. ममता वाकली. पण भैयाजींकडे पाहून नव्हे. खाली, मैदानाकडे. मग ती कडेला गेली, पांढऱ्या कपड्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पोतं बाजूला करून घमेलं उचललं.

आधी पळसाच्या पानांनी ते काढलं. मग राख टाकली. भैयाजींच्या बुटाच्या टोकाशी ती उकिडवी बसली आणि सारवायला लागली. एक हात, मग दुसरा हात, अर्धगोल, त्यावर अर्धगोल. शेणाचे दोन थेंब भैयाजींच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाले.

"ए! ए!" भैयाजी खुर्ची घेऊन उठले. "शेण उडवून राहिली!"

"बाजूले व्हा भैयाजी, ओलं आहे," ममता म्हणाली.

आणि भैयाजी बाजूला झाले. एवढंच. ते का झाले, त्यांनाच माहीत. हान्शी होते, वाघाला पळवणारे होते, पण एक बाई शेणाचा हात घेऊन पुढं सरकत आली तसे खुर्चीसकट मागं मागं सरकत मैदानाच्या बाहेर गेले.

मग मंगेश म्हणाला, "चला, फोटो! सगळे मैदानावर! भैयाजी मधे!"

ममता हात धुवायला बोरिंगवर गेली होती. डिंपल तिच्यामागं गेली आणि बोरिंगचं हँडल मारायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी हा पट्टा सोडून देऊ का, मॅडम?"

"कायले? तू कमावला. घरी गेल्यावर राखेनं धू, डाग जातील." ममतानं हाताचा वास घेतला. शेणाचा होता. तिनं अजून एकदा ओंजळ धरली, मग म्हणाली, "पुरे. बंद कर."

धान काढून झालं. खळ्यात मळणी लागली. एकोडीत ती गोष्ट सखाबाईच्या तोंडून इतकी फिरली की आता ती कोणाच्याच ओळखीची उरली नाही. सखाबाईच्या गोष्टीत भैयाजी त्या ओल्या सारवणावर घसरले ते सरळ उतारानं, बोंबलत, आंबागडच्या तलावात जाऊन पडले, आणि मंगेशनं हिरवा मग टाकून त्यांना बाहेर काढलं. तलावातले मासे तेव्हापासून तंबाखू खातात, म्हणते. बाया मळणी थांबवून हसतात. ममता हसत नाही, अडवतही नाही.

वर्गातल्या काही पोरी मंगेशनं साकोलीला काढलेल्या वर्गाला जायला लागल्या. त्यांना कोण नावं ठेवणार? मोठ्या स्पर्धेत जायचं तर धरला जाणारा पट्टा लागतो. मंगेश एकदा खळं बघायला आला होता, टेप घेऊन. सखाबाईनं त्याला चप्पल काढायला सांगितलं, मग तोंड धुवायला सांगितलं, मग वाकायला. "पट्टा तुमचा असंल, सर. खळं माहं हाय." तो परत आला नाही. आता संध्याकाळी खळ्यात पोरी थोड्या असतात. ममताच्या कमरेला तोच तपकिरी पट्टा असतो, कडा पांढऱ्या पडलेला.

एक दिवस वर्गाच्या आधी डिंपल फोन घेऊन धावत आली. शिबिराचा फोटो कोणीतरी आता ग्रुपवर टाकला होता.

"मॅडम, हे पाहा ना."

ममतानं फोन उन्हाआड धरून पाहिला. मागं किल्ला. सगळ्या गावांची पोरंपोरी पांढऱ्या कपड्यांत. एका टोकाला भैयाजी, पायजम्यावरच्या डागांवर हात ठेवून. पण ओळी वेड्यावाकड्या होत्या. पोरं एकमेकांना चिकटून, चेंगरून, खांद्यावर खांदा चढवून कडेकडेनं उभी होती. आणि फोटोच्या अगदी मधोमध, जिथं भैयाजींना उभं राहायचं होतं, तिथं कोणीच नव्हतं. नुसता एक गोल, बाकी मैदानापेक्षा गडद, त्यावर बोटांचे अर्धगोल स्पष्ट दिसत होते. ज्या गावांची पोरं ममताला ओळखतही नव्हती, त्यांनीही त्यावर पाय दिला नव्हता.

"पाहिलं का, मॅडम?"

"ओलं होतं ना," ममता म्हणाली.

तिनं फोन परत दिला, चपला काढल्या, आणि वाकून खळ्यात गेली.